तिला विचारलं होतं का?

मागच्या अंकात मुलींच्या कपड्यांवरनं बोलणाऱ्या नातेवाइकांबद्दल एक छोटं उत्तर दिलं होतं. त्यानंतर सांगली-साताऱ्याकडनं जी पत्रं आणि मेसेज आले, त्यातले बरेचसे एकाच ठिकाणी येऊन अडकतात. बाईचं उघडं अंग समोर आलं की आपण करायचं काय, बघायचं, डोळे झाकायचे, ओरडायचं, पोलिसात जायचं की हात जोडायचे? त्यातली पाच पत्रं इथं घेतलीयत. नावं काढलीत, आणि जिथं ओळख पटेल असं वाटलं तिथं गावाचं नावही काढलंय.

ताई, माझी मुलगी मुंबईत आर्ट कॉलेजला आहे. गणपतीला घरी आली तेव्हा तिची बॅग आवरताना माझ्या हातात एक स्केचबुक आलं, त्यात पानोपानी एकाच बाईची चित्रं, अंगावर चिंधी नाही. मिस्टरांनी बघितलं आणि तेव्हापासनं घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. सासूबाई म्हणतात वही नदीत सोडा. मुलगी म्हणते आई हा अभ्यासक्रम आहे, लाइफ क्लास म्हणतात याला. असेल अभ्यासक्रम, पण समोर बसणारी ती बाई पण कुणाची तरी आई-बहीण असेलच ना? पैशासाठीच बसत असणार. मग हे योग्य कसं?
— एक आई, सांगली

वहिनी, घरात सगळे मुलीचं काय होणार म्हणून बोलतायत आणि तुम्ही एकट्या त्या समोर बसणाऱ्या बाईचा विचार केलात, म्हणून मी तिच्यापासनंच सुरू करते.

नीट चालवलेला लाइफ क्लास कसा असतो ते आधी ऐका. दार आतनं बंद, खिडक्यांना पडदे, मधोमध एक लाकडी चौथरा. मॉडेलबाई पडद्यामागं कपडे बदलून गाऊन किंवा चादर गुंडाळून येतात, चौथऱ्यावर जागेवर बसल्या की मगच ती बाजूला ठेवतात, वीस-पंचवीस मिनिटं झाली की ब्रेक आणि ब्रेक म्हणलं की लगेच परत गाऊन अंगावर. ब्रेकच्या आधी कुणीतरी पायाभोवती, टेकलेल्या हाताभोवती चौथऱ्यावर खडूनं खुणा करून घेतं म्हणजे परत बसताना तीच पोज सापडते, आणि हे करताना बाईंना हात लावायचा नसतो, हात जरा डावीकडं घ्या, मान खाली घ्या, असं तोंडानं सांगायचं. फोन आत चालत नाही. कुणी टवाळकी केली, कुजबुजलं तर सरांनी त्याला बाहेर काढायचं. म्हणजे त्या खोलीत अंगावर कपडे नसलेली एक बाई आणि वीसेक पोरंपोरी असतात, आणि तरी तिथं तिचा शब्द चालतो.

पैशासाठी बसते हे मात्र खरं. हौसेनं कुणी तासन्‌तास न हलता बसत नाही, पाठ धरते, पायाला मुंग्या येतात, पैसे काही फार मिळत नाहीत आणि बऱ्याच जणी घरी सांगत पण नाहीत की नेमकं काय काम करतो. गरजेपोटी दिलेला होकार हा होकार मानायचा का, हा तुमचा प्रश्न मलाही टोचतो. पण गरजेपोटी बाई उसाच्या फडात जाते, चार घरची धुणीभांडी करते, पाठ मोडेपर्यंत राबते, तिथं आपण हा प्रश्न विचारत नाही, कपडे उतरले की मगच विचारतो. मी एवढंच बघते की काम काय आहे ते तिला आधी सरळ सांगितलं होतं का, एखाद्या दिवशी नको वाटलं तर उठून जाता येतं का आणि गेली म्हणून पुढचं काम तुटतं का, ठरलेले पैसे हातात पडतात का, आणि कागदावरचं चित्र सोडून तिचं दुसरं काही त्या खोलीच्या बाहेर जातंय का. यातलं एक जरी बिनसलं तर क्लास कितीही नावाजलेला असू दे, मी तुमच्या बाजूनं भांडेन.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख होते तेव्हा, १९२० च्या सुमारास, हा अभ्यास रीतसर सुरू झाला, म्हणजे शंभरेक वर्षं झाली या गोष्टीला. भांडणं पण तेवढीच जुनी. १९५४ मध्ये अकबर पदमसींच्या दोन चित्रांवरनं जहांगीर आर्ट गॅलरीत पोलीस आले, चित्रकाराला अटक झाली, कोर्टानं सोडलं. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच पदमसींची तीन आणि चित्रकार एफ. एन. सूझांची चार अशी सात चित्रं अश्लील म्हणून कस्टमनं अडकवून ठेवली होती ती मुंबई हायकोर्टानं सोडवली, आणि सांगितलं की चित्रात नग्नता आहे एवढ्यावरनं ते अश्लील ठरत नाही.

सासूबाईंना एकदा खिद्रापूरला घेऊन जा, सांगलीहून जवळच आहे, कदाचित त्या श्रावणात जाऊन आल्यापण असतील. कोपेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे दगडातल्या अप्सरा, उघड्या अंगानंच आठशे वर्षं उभ्या आहेत आणि लोक तिथं देवाला प्रदक्षिणा घालतात. त्यांना पटेलच असं नाही, पण वही नदीत सोडायचं तरी थांबेल. मिस्टरांशी मुलीलाच बोलू द्या. आणि तुम्ही मुलीला दोन गोष्टी विचारा, त्या मॉडेलबाईंचं नाव तुला माहीत आहे का, आणि त्यांचा चेहरा ओळखू येईल असं चित्र इन्स्टावर टाकलंयस का, टाकलं असशील तर त्यांना विचारून टाकलंस का. माझ्या मते बापाच्या रागापेक्षा ही उत्तरं जास्त महत्त्वाची आहेत.

आम्ही पोरी होतो तेव्हापासनं कृष्णेच्या घाटावर अंघोळ करतोय. ओल्या लुगड्यावरनं कोरडं गुंडाळायचं आणि आतनं ओलं सोडायचं, आईनं शिकवलेलं. शेजारच्या पायरीवर पुरुषमाणसं संध्या करायची, कुणी मान वर करत नव्हतं. यंदा पर्वणीला गेले तर वरच्या पायरीवर पोरं मोबाइल धरून उभी, एकानं तर ड्रोन उडवलं. ओरडले तर म्हणतो, आज्जी, पब्लिक प्लेस आहे. त्याचं खरं आहे का?
— कृष्णाकाठची एक आजी

नाही आज्जी, त्याचं खरं नाही. आयटी कायद्यात ६६ई म्हणून कलम आहे, माणसाच्या अंगाच्या खासगी भागाचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या परवानगीशिवाय काढणं, पाठवणं, छापणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जागा सार्वजनिक की खासगी यानं फरक पडत नाही असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. आपला असा फोटो कुणी काढणार नाही असं जिथं माणसानं धरून चालणं साहजिक आहे, तिथं ते लागू होतं. घाटावर कपडे बदलणारी बाई तेच धरून चाललेली असते की.

तुमच्या त्या शेजारच्या पायरीवरच्या माणसांबद्दल लिहिलंय ते मला फार आवडलं. दिसत तर त्यांना पण होतं. पण बाई अंघोळीला आलीय, आपल्याला दाखवायला आलेली नाही, एवढी समज सगळ्या घाटाला होती. सगळीच माणसं तेव्हा सज्जन होती असं मी म्हणत नाही, चोरून बघणारा एखादा असायचाच आणि त्याचं नाव पण बायकांना माहीत असायचं. फरक असा की तो बघून घरी जायचा, आता तो घाट खिशात घालून नेतो आणि तुमचं लुगडं बदलणं ज्यांनी कृष्णा कधी बघितली नाही त्या लोकांपर्यंत पोचतं. पुढच्या पर्वणीच्या आधी तुमच्या घाटावरच्या चार-पाच बायका मिळून ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, बायकांच्या पायऱ्यांवर कॅमेरा आणि ड्रोनला मनाई, आणि कपडे बदलायला पत्र्याचा का होईना आडोसा. तोंडी सांगू नका, अर्जाची पोच घ्या.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या रस्त्यावरनं दिगंबर मुनीमहाराजांचा विहार जातो तेव्हा जैनच काय, आम्ही इतर लोकही कडेला हात जोडून उभे राहतो. हातात पिंछी म्हणजे मोरपिसांचा कुंचा आणि कमंडलू, अंगावर काही नाही, आणि कुणाच्या मनात वावगं येत नाही. माझ्या सूनबाईंनी परवा विचारलं, बाबा, त्या जागी बाई असती तर? मला उत्तर देता आलं नाही. आपण बाईच्याच नग्नतेला एवढे का बिचकतो?
— एक वाचक, मिरज

सर, सूनबाईंना माझा नमस्कार सांगा, प्रश्न फार नेमका आहे.

मुनीमहाराजांच्या बाबतीत तीन गोष्टी आपण न बोलता मानतो. वस्त्र सोडायचं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं, दीक्षा घेऊन, सगळ्या समाजासमोर. कशासाठी सोडलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि त्यात बघणाऱ्यासाठी काही नसतं. हे तिन्ही बाईच्या बाबतीत असलं तरी आपण ते मानत नाही, आपल्याला ती बघणाऱ्यासाठीच आहे असं वाटतं. दिगंबर परंपरेतसुद्धा आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात, त्यामागं त्यांचं शास्त्र आहे आणि तो त्यांचा विषय. पण मिरजेत तुमच्या आसपास लिंगायत घरं भरपूर असतील, तिथं अक्कमहादेवींची तसबीर बघा, बाराव्या शतकात राजवाडा सोडून, वस्त्रं टाकून, केसांनी अंग झाकून बाहेर पडलेली बाई. कर्नाटकातल्या कल्याणला अनुभवमंटपात, म्हणजे शिवशरणांच्या सभेत, गेल्यावर तिथल्या अल्लमप्रभूंनी त्यांना त्यावरनंच टोकलं की वस्त्राची आस सुटली म्हणतेस तर केसांनी का झाकतेस. म्हणजे एवढ्या मोठ्या विरक्त बाईलासुद्धा पहिला प्रश्न अंगावरनंच आला, आणि उत्तर तिलाच द्यावं लागलं.

मणिपूरच्या दोन घटना तुम्हाला आठवत असतील. २००४ च्या जुलैमध्ये थांगजाम मनोरमा या मुलीला आसाम रायफल्सच्या जवानांनी रात्री घरातनं नेलं आणि नंतर तिचं प्रेत सापडलं. १५ जुलैला इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात, जिथं तेव्हा आसाम रायफल्सचा तळ होता, बारा बायका कपडे उतरवून उभ्या राहिल्या, वयानं मोठ्या, लेकराबाळांच्या, आणि ओरडून म्हणाल्या की आमच्यावर पण करा बलात्कार, आम्ही सगळ्या मनोरमाच्या आया आहोत. त्याच वर्षी आसाम रायफल्सला कांगला सोडावा लागला. आणि त्याच मणिपूरमध्ये २०२३ च्या मे महिन्यात जमावानं दोन बायकांची नग्न धिंड काढली, जुलैत व्हिडिओ बाहेर आला आणि सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या दिवशी स्वतः दखल घेतली. दोन्हीकडं रस्त्यावर उघड्या बायका. पण पहिल्या ठिकाणी बायकांनी स्वतःचं अंग सरकारपुढं धरलं होतं आणि मान खाली घालायची पाळी समोरच्यांवर आली, दुसऱ्या ठिकाणी बायकांकडनं सगळं हिसकावलं होतं. आणि मला अजून राग येतो तो याचा की तो दुसरा व्हिडिओ चेहरा न झाकता पुढं पाठवणाऱ्यांत निषेध करणारे लोक पण होते. निषेध मनापासून असेलही, पण त्या दोघींना कुणी विचारलं होतं का?

कोर्टांनी याचा विचार बराच केलाय. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची होणारी बायको यांचा विवस्त्र फोटो, जो तिच्याच वडिलांनी काढला होता आणि वर्णभेदाच्या विरोधात म्हणून छापला गेला होता, तो कोलकात्याच्या मासिकात आला म्हणून खटला झाला आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, सांगितलं की चित्र कुठल्या संदर्भात आहे आणि काय सांगायला आहे ते बघितलं पाहिजे. फूलनदेवींवरच्या ‘बँडिट क्वीन’ सिनेमातल्या धिंडीच्या प्रसंगाबद्दलही १९९६ मध्ये कोर्ट म्हणालं की ते बघून वासना नाही, चीड येते, तोच त्याचा हेतू आहे. हे मला पटतं, आणि तरी मन तिथं थांबत नाही, कारण खुद्द फूलनदेवी, ज्यांच्यावर ते गुदरलं होतं, त्या या सिनेमाविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. हेतू चांगला असला तरी जिचं आयुष्य आहे तिचा शब्द त्याच्या वर राहायला हवा असं माझं मत आहे.

२०२३ मध्ये केरळ हायकोर्टापुढं रेहाना फातिमांचं प्रकरण आलं, आपल्या उघड्या अंगावर आपल्या मुलांकडनं चित्र काढून घेतल्याचा व्हिडिओ. त्यात मुलं होती म्हणून कुणाच्या मनात किंतु राहिला तर मी समजू शकते. पण कोर्टानं त्यांना आरोपमुक्त करताना तुमच्या सूनबाईंचाच मुद्दा मांडला, त्रिशूरच्या पुलिकळीत पुरुष उघड्या अंगावर वाघ रंगवून नाचतात ते परंपरा म्हणून चालतं, मग बाईच्या अंगाला दरवेळी कामवासनेचाच रंग का.

बाळ चार महिन्यांचं आहे. माहेरी जाताना स्टँडवर बाळ रडायला लागलं, हिरकणी कक्षाला कुलूप, शेवटी बाकावरच पदर घेऊन पाजलं. समोरचे दोघं बघत होते. सासूबाई म्हणाल्या, जरा दम काढायचास की. चुकलं का माझं?
— एक नवी आई, सातारा जिल्हा

अजिबात नाही गं. भुकेल्या लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या आईचं नाव त्या खोलीला दिलंय, आणि त्या खोलीला कुलूप असेल तर लाज तुला वाटायचं कारण नाही. कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन किल्ली माग, नसेल तर तक्रार वहीत लिही, तारीख-वेळ घालून. २०१८ मध्ये केरळात एका मासिकानं स्तनपानाचं उघडं मुखपृष्ठ छापलं तेव्हा पण केस झाली होती आणि हायकोर्टाला त्यात अश्लील काही दिसलं नाही. पदर घ्यायचा की नाही हे तुझ्या सोयीनं ठरव, बाळाला गुदमरत असेल तर घेऊ नकोस. सासूबाईंना पुढच्या वेळी त्या दोघांच्या समोर उभं राहायला सांग, त्यांनी पण पोरं वाढवलीयत, जमेल त्यांना.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गावातल्याच एका मुलीचा व्हिडिओ आलाय. तिचं लग्न मोडलं, त्या मुलानं टाकला म्हणतात. ग्रुपवर सगळे म्हणतायत तिनं स्वतःच काढून पाठवला होता, मग आता का रडतीय. मी फॉरवर्ड केला नाही पण काही बोललो पण नाही. तिच्या मोठ्या बहिणीला माझी ताई ओळखते. काय करू?
— एक वाचक, वय २२, सांगली जिल्हा

अरे, आधी ते ‘तिनंच पाठवला होता’ डोक्यातनं काढ. तिनं तो एका माणसाला पाठवला होता, तुमच्या ग्रुपला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघ, १ जुलै २०२४ पासनं लागू आहे, आधी ते ३५४सी होतं. त्याच्या खाली स्पष्टीकरण आहे की बाईनं फोटो काढायला होकार दिला असेल पण दुसऱ्यांना दाखवायला दिला नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद, परत केलं तर तीन ते सात. शिवाय आयटी कायद्याचं ६७ए, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, आणि ते नुसतं पुढं पाठवणाऱ्याला पण लागतं, म्हणजे तुझे जे मित्र हसून फॉरवर्ड करतायत ते सगळे यात येतात. ती अठराच्या आतली असेल तर प्रकरण आणखी गंभीर, तिथं नुसतं फोनमध्ये ठेवणं पण गुन्हा आहे.

ग्रुपवर लिही, साधं लिही, हा व्हिडिओ टाकणं गुन्हा आहे, ॲडमिननं काढावा आणि सगळ्यांनी आपापल्या फोनमधनं उडवावा. चिडवतील, चिडवू देत. एकानं लिहिलं की दोघं-तिघं गप्प बसलेले बोलतात, तुझ्यासारखे आणखी असणारच त्यात. कुणी टाकला, कधी टाकला, कुठल्या नंबरवरनं, एवढं नोंदवून ठेव, व्हिडिओ पुरावा म्हणून कुणाला पाठवत बसू नकोस.

तिला करता येण्यासारखं बरंच आहे. इन्स्टा-फेसबुकवर असेल तर तिनं किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केली की २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं दोन तासांत काढायची जबाबदारी त्या कंपनीवर आहे, फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे, अठरा पूर्ण असलेल्यांसाठी, त्यात व्हिडिओ स्वतःच्या फोनमधनं बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरनं सहभागी कंपन्या तो ओळखून अडवतात. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देता पण तक्रार करता येते, आणि पोलिसात जायचं तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावी लागते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

पण हे सगळं तिनं हो म्हणलं तर. तिच्या घरी माहीत आहे की नाही ते तुला माहीत नाही, तू परस्पर ठाण्यात गेलास आणि पोलीस दारात उभे राहिले तर तिच्यासाठी ती दुसरी वेळ होईल की तिला न विचारता कुणीतरी ठरवलं. आज संध्याकाळीच तुझ्या ताईला तिच्या बहिणीकडं जाऊ दे, फोनवर नको, प्रत्यक्ष, आणि ताईनं व्हिडिओ बघू नये, बघितला नाही हे तिला आधी सांगावं, मग काय काय करता येतं ते सांगून विचारावं की तुला यातलं काय हवंय.